पुसण्याआधीचं गाऱ्हाणं

सर, तुमचा तो चार जीबीचा पेनड्राइव्ह मी पुसला. पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण लांबण लावलेली तुम्हाला खपायची नाही. "आदी काय मोडला ता सांग, मगे कसा मोडला ता," असं तुम्ही गिऱ्हाइकांना दरडावायचात. तर मोडलं ते हे. कसं मोडलं ते सांगायला मात्र वेळ लागणार आहे. वहीत लिहितेय, कंप्युटरवर नाही. गेले आठ दिवस कंप्युटरशी माझं पटत नाही, आणि खरं सांगायचं तर त्या बिचाऱ्याचा काडीचा दोष नाही.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. दुकान तिथंच आहे, मासळीबाजाराकडे उतरणाऱ्या गल्लीत. पाटीवर अजून तुमचंच नाव आहे आणि आत मी. खारा वारा तसाच आत शिरतो, मेमरीच्या पट्ट्या तशाच काळ्या पडतात, आणि मी त्या तुम्ही शिकवल्याप्रमाणे शाळकरी खोडरबराने घासते. नवीन पोरं हसतात, मग मशीन चालू झालं की गप्प होतात. सध्या कामाची नुसती झुंबड आहे. जुन्या सिस्टिमची देखभाल बंद झाल्याने ज्याला त्याला मशीन नव्याने करून हवंय. दिवसभर मी एकच काम करते: पेनड्राइव्हवर सिस्टिम अशी बसवायची की मशीन स्वतःच्या डिस्ककडे न बघता थेट त्याच्यावरून उठावं. नुसती फाइल नेऊन टाकली तर मशीन ढिम्म हलत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. त्याच्यासाठी पेनड्राइव्ह आधी मुळापासून पुसावा लागतो. हे पुसणंच माझ्या मुळावर येणार आहे हे मात्र तुम्ही सांगितलं नव्हतंत. म्हणजे सांगितलं होतंत. चांगलं वर्षभर, रोज, तोंड दुखेपर्यंत सांगितलं होतंत.

मी बी.कॉम. होऊन घरी बसलेली बावीस वर्षांची घोडी. आई समोरच्या बाजारात मासे घेऊन बसायची. तिनेच तुम्हाला विचारलं, माझ्या चेडवाक काय काम देशात? तुम्ही मला वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि विचारलंत, "आवशीच्या जाग्यार बसान गिराइक केलंस काय कधी?" मी म्हटलं, केलंय. "मगे ह्या सोप्या आसा." तिसऱ्या महिन्यात मी तुमच्या त्या 'सोप्या'ची माती केली. एका होडीवाल्याने लॅपटॉप आणून दिला होता, सोबत पेनड्राइव्ह. मला सिस्टिम घालायला पेनड्राइव्ह हवाच होता, हा समोर पडलेला, मी घेतला आणि त्याच्यावर चढवली. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, आत काय होता? मी म्हटलं, बघितलं नाही. त्यात त्या माणसाच्या दर्यातल्या खुणा होत्या. पाण्याखालचं खडप कुठे आहे, जाळं कुठे फाटतं, सुरमई कुठल्या महिन्यात कुठे लागते, सगळं भाच्याकडून टाइप करून ठेवलेलं. दुसरीकडे कुठेच नव्हतं.

तुम्ही ओरडला नाहीत. सकाळी अकरा वाजता, भर गर्दीच्या वेळी, दुकानाचं शटर ओढलंत आणि म्हणालात, चल. बंदरापर्यंत चालत नेलंत. मला वाटत होतं तुम्ही बोलाल, माफी मागाल, मी बाजूला मान खाली घालून उभी राहीन. तो माणूस जाळं शिवत बसला होता. तुम्ही माझ्या मागे उभे राहिलात आणि एवढंच म्हणालात, "आपल्या तोंडान सांग." मी सांगितलं. त्याची सुई थांबली. मग म्हणाला, "माझ्या बापाशीन दाखयलेली होती गो ती." आणि पुन्हा शिवायला लागला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. परत येताना मी रडत होते आणि तुम्ही माझ्याकडे न बघता चालत होतात. दुकानाच्या पायरीवर थांबून म्हणालात, "पुसूक अक्कल लागना नाय. पुसच्या आदी वाचूक लागता."

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. तुम्ही गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचात, सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने साकडं; चार वाड्यांत तुमच्यासारखा आवाज नव्हता. तेच गाऱ्हाणं तुम्ही दुकानात आणलंत. पुसायचा पेनड्राइव्ह लावायचा, आतल्या एकेका फोल्डरचं नाव मोठ्याने वाचायचं, आणि मग हात जोडून: "बा देवा म्हाराजा! ह्या पेनड्राइव्हात ह्येच्या भयणीच्या लग्नाचे फोटो असत, पोराचो दाखलो आसा, आणि कसली कसली गाणी असत रे म्हाराजा! ह्या सगळा आता जातला, आणि गेला ता परत येवचा नाय रे म्हाराजा! गिराइक राजीखुशीन पुसूक सांगता रे म्हाराजा!" आणि गिऱ्हाइकाने देवळातल्यासारखं "होय म्हाराजा!" म्हटल्याशिवाय तुम्ही बटण दाबायचा नाहीत. लोक पोट धरून हसायचे. पण दर दहातला एखादा तरी मधेच ओरडायचा, "अरे थांब थांब, तो फोटो ऱ्हवांदे!" तेवढ्यासाठीच तो सगळा खटाटोप होता. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मला तुमची लाज वाटायची.

तुम्ही गेल्यावर मी ते सोडलं नाही. सोडलं नाही असं अभिमानाने सांगते, पण त्यातही खोट आहे. हळूहळू ते तमाशा झालं, सर. किल्ला बघायला आलेले पाहुणे चार्जर घ्यायला दुकानात शिरतात आणि म्हणतात, ताई ते तुमचं म्हणून दाखवा ना, मोबाइलवर घेतात. मी पण म्हणते. तुमचेच हेल, तुमचाच तो शेवटचा "रे म्हाराजा" लांबवणं. लोक म्हणतात, अगदी सरांसारखं. मी फुगते.

गेल्या सोमवारी काकी आल्या. तुमच्या घरून एस्टीने, मग स्टँडवरून रिक्षात तुमचं जुनं मशीन घालून, वर विणलेलं कव्हर तसंच. गुडघे आता चालत नाहीत त्यांचे. दसरा झाला की मुलगा पुण्याला नेतोय त्यांना, घर बंद करून. स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बाय, ह्या काय सुरू होयना नाय. तेवढा सुरू करून दी. तेंच्या शेवटच्या दसऱ्याचा गाऱ्हाणा आत आसा." मला आठवलं. ह्याच दुकानात, ह्याच यंत्रांच्या पूजेला, तुम्ही गाऱ्हाणं घातलं होतंत आणि काकींनी ते रेकॉर्ड केलं होतं. त्यानंतर तीन महिन्यांत तुम्ही गेलात. मी विचारलं, काकी, इतकी वर्षं ऐकलं नाही? "धीर नाय झालो गो. आणि आता विसराक लागलंय. फोटवात ते गप्पच आसत. माका बोलताना व्हये." मला वाटलं, काकी म्हाताऱ्या झाल्या. मला तर तुमचा आवाज रोज ऐकू येतो, ह्या खुर्चीत बसल्या बसल्या. मनातल्या मनात मी त्यांच्यापुढे थोडी मिजास केली, हेही लिहून ठेवते.

मशीन स्वतःच्या डिस्कवरून उठेना. म्हटलं, पेनड्राइव्हवरून उठवू, आत शिरू, आवाज काढून घेऊ. माझ्याकडे तयार दोन पेनड्राइव्ह होते, नवे, भलेमोठे. तुमचं मशीन त्यांना ओळखच देईना. जुन्या यंत्राला जुनं, लहान काहीतरी हवं होतं. काकींनी सोबत बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला होता. तुमचा चष्मा, पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर, कसल्या कसल्या वायरी, आणि एक पेनड्राइव्ह. चार जीबी. मी म्हटलं, "काकी, ह्यो घेव काय?" त्या म्हणाल्या, "घे गो. माका तेचो काय उपेग?"

मी तो दुकानातल्या कंप्युटरला लावला. आता तुम्ही विचाराल, वाचलंस? नाही वाचलं. चौदा वर्षं कुणाही ऐऱ्यागैऱ्यासमोर तोंड वासून गाऱ्हाणं घालणारी मी, काकींसमोर माझी जीभ उचलेना. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. तुमची बायको समोर बसलेली, आणि मी तुमचे हेल काढून "बा देवा म्हाराजा" म्हणायचं? चोरीचं लुगडं नेसून मालकिणीच्याच दारात उभं राहिल्यासारखं वाटलं. आणि वाटलं, त्या रडतील. म्हणून मी गाऱ्हाणं टाळलं, आणि गाऱ्हाणं टाळलं म्हणून वाचणंही टळलं, कारण इतक्या वर्षांत ती दोन कामं माझ्याकडून वेगळी होतच नव्हती. स्क्रीनवर पेनड्राइव्हचं काहीतरी नाव होतं, मी फक्त 'चार जीबी' बघितलं. कंप्युटरने विचारलं, आतलं सगळं नष्ट होईल, चालेल? मी 'हो' दाबलं. हिरवी पट्टी पुढे सरकत होती आणि काकी मला सांगत होत्या की पुण्यात बांगडा ताजा मिळत नाही.

तुमचं मशीन त्याच्यावरून पहिल्या फटक्यात उठलं. मी टाळीच वाजवली हो! काकींना म्हटलं, बघा! आत शिरले. फोल्डर सापडलं, आवाजाची फाइल सापडली, उघडली, तर नुसती खरखर. डिस्क त्या जागी मेलेली. आणि त्या फाइलीच्या शेजारी एक चिठ्ठी होती, तुमची, तुमच्या त्या मोडक्या टायपिंगमध्ये. "मशीन कोण उघडीत तेका. डिस्क कुरकुरता. हयलो आवाज खराब होता हा. चांगलो आवाज चार जीबीच्या पेनड्राइव्हात काढून ठेवलंय. पत्र्याच्या डब्यात आसा."

मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. ज्याच्यावरून मशीन उठवून मी ती वाचत होते, तोच तो पेनड्राइव्ह.

काकींनी विचारलं, "काय झाला गो?" आणि माझ्या तोंडून निघालं, "डिस्क खराब झाली काकी. फाइल आसा, पण वाजना नाय." खोटं नव्हतं. खोटं असतं तर निदान माझ्या तोंडात ते अडकलं असतं. अर्धं खरं होतं, म्हणून ते लोण्यासारखं घसरलं. काकींनी कव्हराची घडी घातली. मग म्हणाल्या, "मी तेंका सांगतच होतंय, आणि खंय तरी ठेवन देवा म्हणान. आयकतले कोणाचा? लोकांका शिकवीत आणि घरातला असा." मी ऐकून घेतलं. तुमच्यावर आळ आला आणि मी तो येऊ दिला. तुमच्यावर! पेनड्राइव्ह पुसण्याआधी गिऱ्हाइकाच्या तोंडून होय वदवून घेणाऱ्या माणसावर, जो स्वतःचा आवाज वाचवून, वर त्याची चिठ्ठीसुद्धा लिहून ठेवून गेला. आणि काकी उलट माझीच समजूत घालायला लागल्या. "तू कित्याक तोंड पाडतंस? तुझ्या हातात काय होता?" पेनड्राइव्ह होता. मी तो मशीनमधून काढला होता आणि मुठीत धरला होता.

जाताना म्हणाल्या, "दसऱ्याक येतलंय मी दुकानात. तेंचा गाऱ्हाणा तुका पाठ आसा, माका म्हायत आसा. तू घाल. तेवढा आयकून जातंय." मी म्हटलं, काकी, देवापुढचं खरं गाऱ्हाणं बायका घालत नाहीत. "खंय लिवलला आसा? दुकान तुझा, यंत्रा तुझी. घाल."

पुढचे तीन दिवस मी दुकान उघडून दुसरं काहीच केलं नाही. पुसलेलं परत काढायचे जेवढे उपाय ठाऊक होते तेवढे केले, नव्हते तेही केले. पण चार जीबीच्या पेनड्राइव्हवर साडेतीन जीबीची सिस्टिम चढवली की खाली राहतं काय? अगदी शेवटच्या कोपऱ्यात थोडं उरलं होतं. एका फोटोची पट्टी, त्यात आंब्याचं तोरण आणि कुणाचा तरी कोपर. आणि आवाजाचा एक तुकडा, घोटभर. कानाला लावून ऐकला. त्यात तुम्ही नाही. तुमचं वाक्य संपल्यानंतरचं सुरू होतं. आम्ही सगळे एका सुरात "होय म्हाराजा!" ओरडतोय, माझा आवाज सगळ्यांच्या वर, मागे ताटाचा खणखणाट, आणि संपलं. आम्ही होय म्हणतोय, पण कशाला ते कुणालाच ऐकू येणार नाही आता.

शुक्रवारी मी एस्टी पकडून तुमच्या घरी गेले. सांगायलाच गेले होते, वाटेत पाठ केलं होतं, आपल्या तोंडाने सांगायचं. काकींनी स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, घावणे घातले. अर्धी भांडी बांधून झालेली, तव्याला उलथनं नव्हतं म्हणून चमच्याने उलटत होत्या. "खा गो, सुकलंस केवढा." मी पाच घावणे खाल्ले. प्रत्येक घावण्याला ठरवत होते की हा संपला की सांगेन. पाचवा संपला तेव्हा त्या उठल्या आणि डब्यातला तुमचा पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर आणून माझ्या हातात ठेवला. "ह्यो तुका. तेंचा काम तूच करतंस." मी तो पदरात घेतला, त्यांच्या पाया पडले आणि परत आले. बंदरावर माझ्या मागे तुम्ही उभे होतात. स्वयंपाकघरात माझ्या मागे फक्त भिंत होती. ही सबब नाही. आहे, सबबच आहे.

परवा दसरा. झेंडूची माळ आणून ठेवली आहे, मशीनं पुसून ठेवली आहेत, ओल्या फडक्याने, नेहमीसारखी. गाऱ्हाण्याच्या शेवटी तुम्ही जे म्हणायचात ते मलाही म्हणावं लागेल: "जाणतेपणी, अजाणतेपणी काय चुकला-माकला असात, तर लेकरांका सांभाळून घे रे म्हाराजा!" आणि सगळ्यांबरोबर काकी "होय म्हाराजा" म्हणतील. त्या माझ्या चुकीला होय म्हणतील, काय चुकलं ते न कळता. आत काय आहे ते वाचून न दाखवता कुणाकडून होय घ्यायचा नाही, ही तुमची दुकानातली एकच अट होती. ती मी मोडली आणि परवा पुन्हा मोडणार, तीही देवासमोर, तुमच्या बायकोकडून. उद्या सांगेन असं मी आठ दिवस म्हणतेय. आता उद्या एकच उरलाय आणि मी स्वतःला चांगली ओळखते.

ही वही कपाटात जाईल, खोडरबरांच्या डब्याखाली. तुम्हाला कुठे पाठवू? आणि काकींच्या हाती द्यायची छाती असती तर लिहायचीच वेळ आली नसती.

एक राहिलं. आज दुपारी शटर अर्धं ओढून मी गाऱ्हाणं म्हणून बघितलं, परवाची तयारी म्हणून. शब्द सगळे बरोबर आले, एकही चुकला नाही. मग डोळे मिटून थांबले, तुम्ही ते कसं म्हणायचात ते ऐकायला. माझाच आवाज आला. पुन्हा थांबले. पुन्हा माझाच. सर, तुमचा आवाज मला आठवत नाही. आणि हे आठ दिवसांतलं नाही. किती वर्षं मी माझाच आवाज तुमचा म्हणून ऐकतेय, मला माहीत नाही.